थर्मोस्टॅटची बॅटरी सारखी उतरते? आधी बेसमेंटमध्ये जा

दर वर्षी थंडी पडली की मला असे दोन-चार फोन येतात. "दादा, भिंतीवरचा थर्मोस्टॅट बॅटरी कमी आहे म्हणतोय. परवाच तर चार्ज केला होता. नवीन मागवू का?" फोन करणारी मुलं बहुतेक वर्ष-दोन वर्षांपूर्वी पुण्या-नाशकाहून न्यू जर्सीत आलेली, एडिसन-प्लेन्सबरोकडे भाड्याच्या टाउनहाउसात राहणारी. आपल्याकडे घराचं तापमान राखणारं असलं काही भिंतीवर नसतं. एसीचा रिमोट असतो, त्यातले सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन आणायचे आणि घालायचे. त्यामुळे इथेही हात आधी सेलकडेच जातो. मी प्रत्येकाला एकच सांगतो: नवीन काही मागवू नकोस, आधी बेसमेंटमध्ये जा.

थर्मोस्टॅटमधली बॅटरी ही गच्चीवरच्या टाकीसारखी आहे. टाकी रोज रिकामी होत असेल तर दुसरी टाकी आणून काय उपयोग? खालून पाणी चढतंय का ते बघायला हवं. इथे "खाली" म्हणजे फर्नेस, घर गरम करणारी ती मोठी भट्टी. तिच्यातून भिंतीतल्या बारीक तारांवाटे थर्मोस्टॅटला वीज येते आणि बॅटरी थोडी थोडी भरत राहते. बॅटरी वारंवार उतरते तेव्हा बहुतेक वेळा ही वीज वाटेत कुठेतरी अडलेली असते. ती कुठे अडली हे शोधायला इंजिनिअर असावं लागत नाही. टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा-पाऊण तास पुरतो.

घर गार पडलं असेल तर आधी हे

बाहेर बर्फ आहे, घरात लहान मूल आहे आणि थर्मोस्टॅटचा पडदा काळा झालाय, अशा वेळी कारणं शोधत बसू नका. आधी घर गरम करा.

आत कायमची बॅटरी असलेल्या, गूगलच्या गोल नेस्टसारख्या मॉडेलचा पुढचा भाग दोन्ही हातांनी सरळ आपल्याकडे ओढला की निघतो. अनेक मॉडेल्सना त्याच्या मागे मायक्रो यूएसबीचं भोक असतं. जुन्या अँड्रॉइड फोनचा चार्जर लावा. बॅटरी पार उतरली असेल तर पडद्यावर काही येईपर्यंत वेळ लागतो, फक्त लाल दिवा लुकलुकत राहतो. तो लुकलुकतोय म्हणजे चार्जिंग चालू आहे. दोन तास तरी लावून ठेवा, मग परत भिंतीवर बसवा.

सेलवर चालणारा असेल तर नवे अल्कलाइन सेल घाला. बऱ्याच मॉडेल्सना रिमोटमधले बारीक पेन्सिल सेल लागतात, काहींना जाडे. रिचार्जेबल सेल घालू नका. साधा सेल दीड व्होल्टचा असतो आणि रिचार्जेबल साधारण १.२ व्होल्टचा, त्यामुळे भरलेला असूनही थर्मोस्टॅटला तो अर्धवट उतरलेलाच वाटतो.

तोवर ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवू नका, ओव्हनचं दार उघडून बसू नका, आणि कोळशाची शेगडी तर घरात आणूच नका. इथली घरं घट्ट बंद असतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. विजेचा हीटर असेल तर तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शनच्या वायरवर नको.

तुमचा थर्मोस्टॅट कोणत्या जातीचा?

पुढचं सगळं यावर ठरतं. स्मार्ट थर्मोस्टॅट तीन तऱ्हेचे असतात. काहींत सेल घालायचे असतात. २०२० साली आलेला स्वस्तातला नेस्ट थर्मोस्टॅट असा आहे, त्याला दोन बारीक सेल लागतात. काहींत मोबाइलसारखी आतच बॅटरी असते आणि ती भिंतीतल्या तारांवर चार्ज होते. नेस्ट लर्निंग थर्मोस्टॅट या जातीचा. तिसरे इकोबीसारखे, ज्यांत बॅटरीच नसते. तारेतून वीज आली तर चालू, नाही तर ठार काळे. तुमचा तिसऱ्या जातीचा असून मधूनमधून बंद पडत असेल तर बॅटरीचा प्रश्नच नाही, सरळ "आता बेसमेंट" या भागापासून वाचा.

चौथी गोष्ट जातीची नाही, धोक्याची आहे. काही घरांत भिंतीच्या तळाशी लांबट विजेचे हीटर असतात. त्यांच्या थर्मोस्टॅटमागे दोन किंवा चार जाड तारा, टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या आणि कुठेतरी १२० किंवा २४० व्होल्टचा शिक्का दिसतो. असं दिसलं तर तिथेच थांबा. ही घरातली पूर्ण ताकदीची वीज आहे, जिवावर बेतू शकते. आपण बोलतोय ते फक्त २४ व्होल्टच्या बारीक रंगीत तारांबद्दल.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करतो. थर्मोस्टॅट भिंतीवर नीट चालतोय, पण फोनमधल्या ॲपमध्ये दिसत नाही, म्हणून बॅटरी गेली असं पुष्कळांना वाटतं. गूगलने २०११ आणि २०१२ सालच्या, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या नेस्ट लर्निंग थर्मोस्टॅटचा सपोर्ट २५ ऑक्टोबर २०२५ला बंद केला. हे थर्मोस्टॅट भिंतीवरून हाताने चालतात, फोनवरून नाही. जुन्या घरात राहायला गेला असाल तर आधी हे तपासा, उगाच तारा उपसू नका.

सी वायर म्हणजे काय, आणि ती नसते का?

फर्नेसमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो. त्याचं एक टोक आर या तारेने थर्मोस्टॅटला येतं. थर्मोस्टॅट म्हणजे मुळात एक बटण: त्याने आर आणि डब्ल्यू जोडले की भट्टी पेटते, आर आणि वाय जोडले की एसी चालू होतो, आर आणि जी जोडले की पंखा. ट्रान्सफॉर्मरचं दुसरं टोक म्हणजे सी, कॉमन. आर आणि सी दोन्ही थर्मोस्टॅटपर्यंत पोचले तर त्याला चोवीस तास स्वतःची वीज मिळते.

मग जुन्या घरांत सी का नसते? तेव्हा तिची गरजच नव्हती. हनीवेलचा तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट १९५३ साली आला. त्याच्या आत काचेच्या छोट्या नळीत पारा असायचा. हवा गार झाली की धातूची गुंडाळी फिरायची, नळी कलंडायची आणि पारा ओघळून दोन तारा जोडायचा. वीज लागतच नसे. त्या काळात बांधलेल्या घरांत इलेक्ट्रिशियनने दोन किंवा चार तारा टाकल्या आणि काम संपलं. (असा जुना थर्मोस्टॅट काढावा लागला तर कचऱ्यात टाकू नका. पारा विषारी आहे. तुमच्या काउंटीच्या घातक कचरा गोळा करण्याच्या दिवशी द्या.)

आता त्याच तारांवर वायफाय आणि रंगीत पडदा असलेला थर्मोस्टॅट बसतो. सी नसेल तर तो चोरपावलांनी वीज घेतो. एसी बंद असताना वायच्या वाटेने इतका बारीक प्रवाह ओढतो की बाहेरचं यंत्र चालू होत नाही, पण बॅटरी भरत राहते. भट्टी पेटलेली असताना क्षणभर मध्येच थोडी वीज काढून घेतो. बऱ्याच घरांत हे वर्षानुवर्षं चालतं. पण ज्या घरात फक्त बॉयलर (पाणी तापवून घर गरम करणारी भट्टी) आहे, एसी नाही, म्हणजे आर आणि डब्ल्यू या दोनच तारा आहेत, तिथे ऐन जानेवारीत हे जमेनासं होतं. भट्टी तासन् तास पेटलेली, वीज घ्यायला उसंत नाही. वीज अशी कमी पडली की भट्टीतून टकटक आवाज येतो, किंवा पंखा असेल तर तो उगाच क्षणभर फिरून थांबतो. हा आवाज आला तर लक्षात ठेवा, सी वायरच्या अभावाची ती फार जुनी खूण आहे.

आकडे लिहून काढा

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी चार दिवस एक काम करा. फ्रिजवर कागद लावा आणि सकाळ-संध्याकाळ बॅटरीचा आकडा लिहा. नेस्ट लर्निंगमध्ये सेटिंग्जमध्ये टेक्निकल इन्फो, तिथे पॉवर. बॅटरी ३.६ व्होल्टच्या वर हवी, ३.८च्या आसपास असेल तर तब्येत चांगली. ३.६च्या खाली गेली की थर्मोस्टॅट वीज वाचवायला वायफाय बंद करतो, म्हणून तो सगळ्यात आधी ॲपमधून गायब होतो. त्याच पानावर व्होल्टेज इनचा आकडा साधारण २९ ते ४२च्या मध्ये असावा. करंट इनचा आकडा २० किंवा ४० दिसला तर थर्मोस्टॅटला सी मिळत नाहीये, १०० किंवा जास्त असेल तर मिळतेय.

शेजारी हेही लिहा: बाहेर किती थंडी होती, भट्टी सतत चालू होती का, एसी चालू होता का. सगळा निदानाचा भाग या कागदात आहे. आकडा रोज सावकाश घसरत असेल तर वीज कमी पडतेय. एका रात्रीत धाडकन खाली आला तर वीज तुटलीच आहे. आठवडाभर स्थिर असून तुम्हाला एकदाच इशारा आला असेल, तर त्या दिवशी परिसरात लाइट गेली होती का ते शेजाऱ्यांना विचारा.

सॉफ्टवेअरमुळेही असं होऊ शकतं. जानेवारी २०१६मध्ये नेस्टच्या एका अपडेटमधल्या दोषाने पुष्कळ घरांतल्या बॅटऱ्या उतरल्या, लोक ऐन थंडीत गार घरात उठले, आणि कंपनीला थर्मोस्टॅट काढून चार्ज करा, पुन्हा सुरू करा असं सांगावं लागलं. तेव्हा नुकताच अपडेट झाला असेल तर एकदा रीस्टार्ट करून दोन दिवस वाट बघा.

आता बेसमेंट

फर्नेस बेसमेंटमध्ये, गराजमध्ये, माळ्यावर किंवा एखाद्या कपाटात असते. तिच्याजवळ भिंतीवर साध्या दिव्यासारखं एक बटण असतं, पुष्कळदा त्याची पट्टी लाल असते. हे फर्नेसचं मुख्य बटण. दिव्याचं समजून कुणीतरी बंद केलेलं असतं, विशेषतः घरी पाहुणे किंवा आजी-आजोबा आलेले असताना. आधी ते बघा. मग ब्रेकरच्या पेटीत फर्नेसचा ब्रेकर पडला नाही ना ते बघा. तो अर्ध्यावर अडकलेला असतो, दुरून चालूच वाटतो. पूर्ण बंद करून मग चालू करा.

मग फर्नेसचं दार. खालच्या झाकणाच्या आत एक छोटं बटण असतं, झाकण नीट बसलं की ते दाबलं जातं. झाकण जरा तिरकं राहिलं की सगळी फर्नेस बंद, आणि थर्मोस्टॅटची वीजही बंद. फिल्टर बदलल्यानंतर दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरली असेल तर संशय इथेच घ्या. झाकण काढून परत लावा, खटकन आवाज आला पाहिजे.

फिल्टरही बघा. काळा-करडा, बोट लावलं की धूळ चिकटते, असा झाला असेल तर बदला. मापं कडेवर छापलेली असतात, १६ बाय २५ बाय १ वगैरे. फिल्टर तुंबला की भट्टी जास्त तापते आणि सुरक्षेची बटणं तिला मध्येच तोडतात. काही फर्नेसमध्ये त्याबरोबर थर्मोस्टॅटची वीजही जाते.

उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या जुलै-ऑगस्टात, कारण वेगळंच असतं. एसी हवेतलं पाणी काढतो, ते एका पांढऱ्या पाइपातून बाहेर जातं. पाइपात शेवाळासारखा बुळबुळीत गाळ साचला की पाणी मागे भरतं. पाण्याने छत खराब होऊ नये म्हणून तिथे एक तरंगणारं बटण बसवलेलं असतं. पाणी वर आलं की ते बटण वर उचललं जातं आणि अनेक घरांत थर्मोस्टॅटकडे जाणारी आर तारच तोडतं. माझी मावसबहीण जॉर्जियात अटलांटाजवळ राहते. तिचा थर्मोस्टॅट ऑगस्टात तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा मी तिला व्हिडिओ कॉलवर विचारलं, "ताई, फर्नेसच्या खालच्या ट्रेमध्ये पाणी आहे का बघ." तिने फोन खाली धरला. ट्रे काठोकाठ भरला होता आणि पाण्यावर पांढरा गोळा तरंगत होता. पाइपाच्या बाहेरच्या टोकाला ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम लावून गाळ काढला, वरून कपभर पांढरं व्हिनेगर ओतलं, थर्मोस्टॅट पाच मिनिटांत जागा झाला. तोवर तिने दोनदा नवे सेल घातले होते.

फ्यूज आणि निळी तार

इथून पुढे फर्नेसची वीज बंद करूनच हात घाला. लाल पट्टीचं बटण बंद करा, ब्रेकरही बंद करा. २४ व्होल्टचा धक्का बसत नाही हे खरं, पण आर आणि सी चुकून एकमेकींना लागल्या तर फ्यूज जातो, आणि त्याच झाकणामागे १२० व्होल्टच्या ताराही असतात.

झाकण काढलं की एक सर्किट बोर्ड दिसतो. त्यावर गाड्यांमध्ये असतो तसा चपटा रंगीत फ्यूज असतो, जांभळा असेल तर ३ अँपिअरचा, फिकट तपकिरी असेल तर ५चा. ओढून उजेडात धरा. आतली वाकडी पट्टी तुटलेली असेल तर फ्यूज गेलाय. तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घाला, कुठल्याही गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. मोठ्या आकड्याचा कधीही घालू नका, फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. नवा फ्यूज लगेच गेला तर कुठेतरी तारा एकमेकींना लागताहेत. बाहेरच्या एसीकडे जाणारी बारीक तार बघा, गवत कापणाऱ्या यंत्राने तिचं आवरण सोललेलं पुष्कळदा सापडतं.

आता त्या बोर्डवर आर, डब्ल्यू, वाय, जी, सी अशी इंग्रजी अक्षरं शोधा. प्रत्येकाखाली स्क्रू, स्क्रूखाली तार. इथे जरा थांबा, टॉर्च जवळ धरा.

आमच्याच घरात दोष इथे सापडला. थर्मोस्टॅटच्या बाजूला निळी तार सी लिहिलेल्या खाचेत नीट घातलेली होती, म्हणून बसवून गेलेल्या माणसाला आणि मलाही वाटलं की सी आहे. पण करंट इनचा आकडा वीसच्या वर जाईना. एका शनिवारी खाली गेलो, गुडघ्यावर बसलो, टॉर्च दातांत धरला. बोर्डवरच्या सीच्या स्क्रूखाली एकच तार होती, एसीकडे जाणारी. थर्मोस्टॅटकडून आलेल्या तपकिरी केबलमधून लाल, पांढरी, पिवळी, हिरवी बाहेर पडून आपापल्या जागी गेल्या होत्या. निळी मात्र केबलभोवती तीन वेढे देऊन गुंडाळून ठेवली होती, टोक कापलेलं, आवरणही न सोललेलं. ती भिंतीतून वीस फूट खाली आली होती आणि शेवटच्या चार इंचांवर थांबली होती. आवरण सोललं, सीच्या स्क्रूखाली एसीच्या तारेशेजारी घट्ट कसली, झाकण लावलं, वीज चालू केली. संध्याकाळपर्यंत आकडा दोनशेवर होता. त्यानंतर आमचा थर्मोस्टॅट चार्जरला लावावा लागलेला नाही.

म्हणून दोन्ही टोकं बघा. एकच टोक बघून निष्कर्ष काढू नका. आणि रंगावर विश्वास ठेवू नका. रिवाज असा की आर लाल, डब्ल्यू पांढरी, वाय पिवळी, जी हिरवी, सी निळी किंवा काळी. पण हा रिवाज आहे, नियम नाही. कुठल्या अक्षराला कुठली तार जातेय तेच खरं. काहीही सोडवण्याआधी फोनवर दोन्ही टोकांचे फोटो काढा, अक्षरं स्पष्ट दिसतील असे.

थर्मोस्टॅटच्या टोकाला प्रत्येक तार हलकेच ओढून बघा. हातात आली तर ती नीट बसलेली नव्हती. तांब्याचं टोक साधारण एक सेंटिमीटर उघडं, सरळ आणि चकचकीत हवं. काळं पडलेलं किंवा वाकलेलं असेल तर थोडं कापून परत सोला. नेस्टच्या पडद्यावर ई७३ आलं तर आरसी तारेत (एसीसाठीची आर) वीज नाही, ई७४ आलं तर आरएचमध्ये (भट्टीसाठीची आर) नाही, असा अर्थ.

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर वीज परत चालू करून, एसी व्होल्टवर ठेवून (हा एसी म्हणजे गार करणारा नव्हे, विजेचा प्रकार), त्याची दोन टोकं बोर्डवर आर आणि सीला लावा. २४ ते २८च्या आसपास आकडा यायला हवा. बोर्डवर येतोय पण थर्मोस्टॅटपाशी येत नाही, तर दोष मधल्या तारेत. बोर्डवरच येत नाही, तर ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज. बोर्डजवळ हात घालायची भीती वाटत असेल तर ही एक तपासणी मेकॅनिकवर सोडा. त्याला "थर्मोस्टॅट बिघडलाय" असं सांगू नका; "आर आणि सीमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजून द्या" असं सांगा. त्याचं काम दहा मिनिटांत होईल आणि तुमच्या गळ्यात नवा थर्मोस्टॅट पडणार नाही.

सी वायर नाहीच, तर?

थर्मोस्टॅटमागच्या भोकात बोट घालून बघा. वापरात नसलेली एखादी तार भिंतीत दडपलेली असते. असेल तर दोन्ही टोकं सीला जोडा, झालं. हा सगळ्यात चांगला आणि फुकटचा उपाय.

नसेल तर नवी पाच तारांची १८ गेजची केबल टाकता येते. बेसमेंटच्या बरोबर वर थर्मोस्टॅट असेल तर हे सोपं, दुसऱ्या मजल्यावर असेल तर माणूस बोलवा. केबल टाकायची नसेल तर कंपन्यांची छोटी उपकरणं मिळतात, नेस्टचा पॉवर कनेक्टर किंवा इकोबीचं पॉवर एक्स्टेंडर किट. ती फर्नेसपाशी बसतात आणि असलेल्या तारांवरूनच थर्मोस्टॅटला पुरेशी वीज देतात. भिंत फोडावी लागत नाही, म्हणून भाड्याच्या घरात मला हाच मार्ग बरा वाटतो.

चार तारा असतील तर हिरव्या तारेची सी करता येते. दोन्ही टोकांना ती जीवरून काढून सीला लावायची, आणि बोर्डवर वाय आणि जी एका छोट्या तारेने जोडायचे, म्हणजे एसीबरोबर पंखा आपोआप फिरेल. मात्र नुसता पंखा चालवायची सोय जाते. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा २४ व्होल्टचा ॲडॅप्टरही मिळतो, पण त्याची जोडणी यंत्रणेनुसार बदलते, आपल्या मॉडेलची आकृती समोर ठेवल्याशिवाय करू नका. हीट पंप (गरम आणि गार दोन्ही करणारं एकच यंत्र) असेल किंवा एका घरात तीन-चार झोन, म्हणजे वेगवेगळ्या थर्मोस्टॅटवर चालणारे भाग, असतील तर यातलं काहीच स्वतः करू नका.

सेलवाल्यांसाठी थोडं वेगळं

सेलचा थर्मोस्टॅट सीशिवाय चालतो, पण दर महिन्याला सेल मागत असेल तर काहीतरी जास्त खातंय. बहुतेक वेळा ते वायफाय असतं. राउटर वरच्या मजल्यावर, थर्मोस्टॅट जिन्याखाली, मध्ये दोन भिंती, मग तो सिग्नल शोधत राहतो. राउटर हलवा किंवा मध्ये एक रिपीटर लावा. माणूस समोरून गेला की पडदा उजळतो ती सोय बंद करा. थर्मोस्टॅट येण्याजाण्याच्या वाटेवर असेल तर तो दिवसभर उजळत असतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. सेलच्या खाचेत पांढरा-हिरवा थर असेल तर व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून कोरडं करा. आणि शक्य असेल तर यालाही सी जोडा, मग सेल फक्त लाइट गेल्यावर कामाला येतात.

घर भाड्याचं असेल तर

फिल्टर, झाकण, ब्रेकर, सेल एवढं तुम्ही बघा. तारा आणि फ्यूज हे घरमालकाचं काम. त्याला फोनवर सांगू नका, ईमेल करा, चार दिवसांचे आकडे आणि फोटो जोडा. न्यू जर्सीत १ ऑक्टोबर ते १ मे या काळात मालकाने सकाळी ६ ते रात्री ११ घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस, आणि उरलेल्या वेळात ६५ अंश उष्णता द्यायलाच हवी. तक्रार गावाच्या आरोग्य विभागाकडे किंवा बांधकाम निरीक्षकाकडे करता येते. न्यू यॉर्क शहरात हा काळ १ ऑक्टोबर ते ३१ मे आहे आणि तक्रारीसाठी शहराच्या ३११ या नंबरला फोन करता येतो. नवीन आलेली मुलं मालकाला त्रास नको म्हणून गप्प बसतात, अंगावर दोन स्वेटर घालून झोपतात. असं करू नका. हा हक्क आहे, उपकार नाही.

डिसेंबरात भारतात जायच्या आधी

हे सगळं मी इतक्या तपशिलाने लिहितोय ते याच्यासाठी. तीन-चार आठवडे घर बंद, आपण सांगलीत लग्नाला, आणि इकडे थर्मोस्टॅटची बॅटरी उतरली की भट्टी पेटत नाही. पाइपातलं पाणी गोठताना फुगतं, पाइप तडकतो, आणि ऊन पडून बर्फ वितळला की पाणी घरभर वाहत राहतं.

म्हणून निघण्याच्या दोन आठवडे आधी आकडे लिहायला सुरुवात करा, आदल्या दिवशी नाही. बॅटरी घसरत असेल तर दुरुस्त व्हायला वेळ मिळेल. सेलचा असेल तर सेल जुने नसले तरी नवे घाला. तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली ठेवू नका, म्हणजे साधारण १३ सेल्सिअस. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते. शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि थर्मोस्टॅट ॲपमधून गायब झाला तर त्यांना फोन करता येईल असं ठरवून ठेवा. चार्जर कुठे आहे, पुढचा भाग कसा ओढून काढायचा, हे त्यांना एकदा हाताने करून दाखवा.

शेवटी पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह. तो मीटरजवळ असतो. बंद करा आणि सगळ्यात खालच्या मजल्यावरचा एक नळ उघडून पाइपातलं पाणी उतरू द्या. घर गरम पाण्याच्या बॉयलरवर चालत असेल तर मात्र थांबा: बॉयलरला स्वतःचं पाणी लागतं, तेव्हा कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते प्लंबरला विचारून त्यावर चिकटपट्टीने खूण करून ठेवा.